वीरगळ एकच, लिहायच्या तऱ्हा किती: टिपणापासून प्रबंधापर्यंत

दरवर्षी कुणीतरी जाडजूड फाईल घेऊन येतं आणि विचारतं, "मॅडम, याचा पेपर होईल ना?" फाईलमध्ये गावातल्या वीरगळांचे फोटो असतात, दोन-चार पुस्तकांतले उतारे असतात, आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट असते आणि 'वीरगळ म्हणजे काय' यावर नेटवरून उतरवलेली आठ पानं असतात. पेपर होतो की नाही ते नंतर बघू, मी आधी विचारते, "वाचणार कोण?" चर्चासत्राच्या निवड समितीतला माणूस, नियतकालिकाचा परीक्षक, पीएचडीचा बहिःस्थ परीक्षक, कोशाचा संपादक, की गावच्या वाचनालयातला वाचक? सामग्री तीच असली तरी यातल्या प्रत्येकाला तिच्यातून वेगळं काहीतरी हवं असतं. ते काय, हे कळलं की लेखनाचा प्रकार आपोआप ठरतो. बहुतेकजण उलटं करतात. आधी 'पेपर' लिहून टाकतात आणि मग तो कुणाला द्यायचा ते शोधत फिरतात.

म्हणून या लेखात वीरगळ हा एकच विषय घेऊन तो प्रत्येक प्रकारात कसा लिहायचा ते बघू. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. तो खालून वर वाचतात. तळाला लढाई किंवा मरण, त्यावर अप्सरा वीराला स्वर्गात नेताना, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य. समजा, तुम्ही एका तालुक्यातल्या २३ गावांत फिरून ४७ वीरगळ नोंदवलेत. (हे आणि पुढचे सगळे आकडे उदाहरणापुरते, मी ठरवलेले आहेत.)

टिपण: कुणाला न दाखवायचं, पण सगळ्यात महत्त्वाचं

टिपणाला कुणी लेखनप्रकार मानत नाही, आणि पुढचे निम्मे घोटाळे इथेच होतात. शेतात, देवळामागे उभं राहून लिहिलेलं टिपण असं असावं:

'क्र. १२. मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पाराला उत्तरेकडून टेकवलेला. काळा दगड. जमिनीवरची उंची ९४ सेंमी, रुंदी ३८. तीन चौकटी दिसतात, सर्वांत खालची निम्मी मातीत. खालची: डावीकडे तोंड केलेल्या तीन गाई, ढाल-तलवार घेतलेला पुरुष. मधली: दोन स्त्रिया, मध्ये पुरुष, शेंदूर दाट, चेहरे कळत नाहीत. वरची: लिंग, नंदी, हात जोडलेला पुरुष. लेख नाही. || गुरव: "हा म्हसोबाचा भाऊ." || गाई पळवल्या जातायत की राखल्या जातायत? क्र. ७शी ताडून पाहा.'

दोन दंडांनी पाडलेले तीन भाग पाहा. पहिल्यात डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात दुसऱ्याने सांगितलेलं, तिसऱ्यात स्वतःच्या मनातलं. हे तीन एकमेकांत मिसळले की सहा महिन्यांनी 'हा म्हसोबाचा भाऊ' हे गुरवांचं म्हणणं होतं की आपला निष्कर्ष, ते आपल्यालाच कळत नाही. गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड) वीरगळ म्हणून नोंदवणारे भेटतात, तेही घाईत पाहण्याआधी नाव ठरवल्यामुळे. आधी काय दिसतं ते लिहा, नाव मागाहून. आणि शेंदूर खरवडून बघू नका. तो पूजेतला दगड आहे. चेहरे दिसत नाहीत एवढंच लिहिलं तरी ती नोंद पुरी होते.

पुस्तकातून टिपण काढताना पान क्रमांक त्याच क्षणी लिहा. एका वाक्याच्या पान क्रमांकासाठी मी पुण्यातल्या ग्रंथालयात दोन दिवस घालवलेत. वाक्य सापडलं, पण ते मला आठवत होतं त्याच्या नेमकं उलट म्हणत होतं.

गोषवारा: शेवटी सुचणारा, आधी मागितला जाणारा

चर्चासत्राचं पत्रक येतं, त्यात '२५० शब्दांत गोषवारा पाठवा' असं असतं. निबंध लिहिलेलाच नसतो, त्यामुळे लोक हे लिहितात:

'वीरगळ हा महाराष्ट्राच्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचा अनमोल ठेवा आहे. प्राचीन काळापासून शूरवीरांच्या स्मरणार्थ वीरगळ उभारण्याची परंपरा आढळते. प्रस्तुत शोधनिबंधात वीरगळांचे ऐतिहासिक, सामाजिक, धार्मिक व सांस्कृतिक दृष्टिकोनातून विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.'

यात वीरगळ काढून 'बारव' घाला, 'दशावतार' घाला, काही बिघडत नाही. शब्द बदलूनही गोषवारा तसाच चालत असेल, तर त्यात विषय नाहीच. आता हा पाहा:

'वीरगळ म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकाचे स्मारक, असा सर्वसाधारण समज आहे. या तालुक्यातील २३ गावांत नोंदवलेल्या ४७ वीरगळांपैकी ३१ वर तळाच्या चौकटीत गाई कोरल्या आहेत. दोन सैन्यांची लढाई केवळ पाचांवर आहे. गाईंचे दृश्य असलेल्या ३१ पैकी २६ वीरगळ डोंगरपायथ्याच्या चराऊ पट्ट्यात आहेत. यावरून या भागातील बहुसंख्य वीरगळ राजांच्या लढायांपेक्षा गोधनाच्या पळवापळवीशी निगडित असावेत, असे मत येथे मांडले आहे. केवळ दोन वीरगळांवर लेख असल्याने कालनिश्चितीला मर्यादा आहेत.'

यात समज, सामग्री, त्यातून दिसलेलं, त्यावरून काढलेलं आणि मर्यादा, सगळं सहा वाक्यांत आलंय. निबंध अजून व्हायचा असेल तर 'असावेत' लिहा, 'आहेत' नको. गोषवाऱ्यात अवतरण घालायचं नाही, तळटीप नाही आणि 'प्रयत्न केला आहे' तर मुळीच नाही. प्रयत्न फसला की जमला ते समिती ठरवेल.

चर्चासत्रातला निबंध: कानांसाठी

माझ्या पहिल्या चर्चासत्रात मी २२ पानं घेऊन व्यासपीठावर गेले. वेळ दहा मिनिटांची. सहाव्या पानावर अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली, आठव्यावर घंटी वाजली आणि माझा निष्कर्ष विसाव्या पानावर तसाच राहिला. मी जे काही शोधलं होतं ते त्या सभागृहात कुणालाच कळलं नाही. कळली ती फक्त वीरगळाची व्याख्या, जी तिथल्या सगळ्यांना आधीपासून पाठ होती.

तेव्हापासून हिशेब पक्का केलाय. मराठीत संथपणे वाचलं तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. दहा मिनिटं म्हणजे हजार. त्या हजारांतले पहिले शंभर आपल्या मुद्द्यासाठी, दुसऱ्या क्रमांकाला एक ठळक उदाहरण (आपला क्र. १२), मग आकडे, मग एखादा अडचणीचा दगड जो आपल्या मताशी जुळत नाही. व्याख्या फक्त कुणी विचारली तर. वाक्यं छोटी ठेवा. ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही.

चर्चासत्रातला निबंध तिथेच संपवायचा नसतो. डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. तोच पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. तो आजही वाचा. प्रश्न काय आहे आणि उत्तर कुठे चाललंय, हे कुठेही चुकत नाही, कारण तो आधी समोर बसलेल्या माणसांसाठी लिहिला होता. वाचून झाल्यावर आलेले प्रश्न त्याच दिवशी लिहून ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता आलं नाही, तोच बहुतेक वेळा शोधनिबंधाचा पुढचा भाग असतो.

शोधनिबंध: एकच दावा, पण चहूबाजूंनी

इथे जरा थांबू, कारण जास्तीत जास्त लोक इथेच अडतात. नियतकालिकातला निबंध म्हणजे चर्चासत्राचा निबंध फुगवून केलेला नव्हे. तिथे आपलं म्हणणं मांडून झालेलं असतं, इथे ते सिद्ध करायचं असतं, आणि वाचणारा परीक्षक आपल्याला ओळखत नसतो.

पहिली पायरी: दावा एका वाक्यात लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. 'आमच्या तालुक्यातले बहुसंख्य वीरगळ गुरांच्या पळवापळवीत मेलेल्या माणसांचे आहेत.' या वाक्याला कुणी 'नाही' म्हणू शकतं का? म्हणू शकत असेल तरच तो दावा. 'वीरगळ महत्त्वाचे आहेत' याला कोण नाही म्हणणार? म्हणून तो दावाच नव्हे.

दुसरी पायरी: त्या 'नाही' म्हणणाऱ्याचं सगळ्यात बळकट म्हणणं आपणच लिहून काढा. तो म्हणेल, गाय हा केवळ कोरक्यांच्या ठरलेल्या साच्याचा भाग असेल, ती प्रत्यक्ष घटना कशावरून? शिवाय तुम्ही जिथे गेलात तिथलेच मोजलेत, धरणाखाली गेलेल्या गावांचं काय? ही उत्तरं निबंधातच यायला हवीत. जिथे उत्तर नाही तिथे 'याचे उत्तर उपलब्ध सामग्रीतून देता येत नाही' असं स्वच्छ लिहा. परीक्षकाने ती फट शोधण्यापेक्षा आपण दाखवलेली बरी.

तिसरी पायरी: क्रम. विज्ञानाच्या आणि बऱ्याच समाजशास्त्रांच्या निबंधांत प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा हा ठरलेला सांगाडा असतो आणि तो मोडू नये. इतिहास-साहित्याच्या निबंधात तेवढी सक्ती नसते, पण म्हणून मोकाट सुटायचं नाही. प्रश्न आणि आजवरचा समज (दोन पानं), सामग्री कशी गोळा केली (एक पान, गावांच्या यादीसह), गाईंची ३१ दृश्यं (चार पानं, सगळ्यात मोठा भाग), न जुळणारे १६ दगड (दोन पानं), मग निष्कर्ष (एक पान). न जुळणारे दगड तळटीपेत ढकलून देऊ नका. मी परीक्षक असते तेव्हा आधी तेच शोधते.

चौथी पायरी: भाषा. गप्पांत आपण 'केलं, होतं' म्हणतो, निबंधात 'केले, होते' लिहितो, ते ठीक. पण 'असे दिसून येते' लिहिलं की मी समासात लिहिते, 'कुणाला?' 'सदर', 'प्रस्तुत' आणि 'सदरहू' यांची संख्या मोजा आणि निम्मी करा. मला 'प्रस्तुत अभ्यासकाच्या मते' हे 'माझ्या मते'पेक्षा नम्र वाटत नाही, नुसतंच लांब वाटतं. मार्गदर्शक हट्टी असतील तर मात्र वाद घालू नका, पदवी मोठी आहे.

नियतकालिक निवडताना आता जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी (यूजीसी-केअर) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'यादीत आहे म्हणजे चांगलं' ही सोपी खूण गेली. नियतकालिकाचे मागचे तीन अंक प्रत्यक्ष वाचा. संपादक मंडळातली माणसं त्या विषयातली आहेत का ते पाहा. पैसे पाठवल्यावर आठवड्यात 'स्वीकारले' म्हणणारं नियतकालिक असेल तर ते तुमचा निबंध वाचत नाही, फक्त छापतं.

परीक्षकांचे शेरे आल्यावर लिहायचं उत्तर हाही एक लेखनप्रकारच आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. शेरा जसाच्या तसा वर उतरवा, खाली काय बदललं आणि कोणत्या पानावर ते लिहा. पटलं नाही तर कारण द्या, चिडू नका. 'परीक्षकांनी निबंध नीट वाचला नाही' हे वाक्य खरं असलं तरी लिहायचं नाही. परीक्षकाला कळलं नसेल तर वाचकालाही कळणार नाही, असं धरून तो परिच्छेद पुन्हा लिहावा.

पूर्वसंशोधनाचा आढावा

हा प्रबंधात एक प्रकरण म्हणून येतो, कधी स्वतंत्र लेख म्हणूनही. सर्रास दिसणारा नमुना असा: प्रत्येक परिच्छेद 'अमुक यांनी आपल्या ग्रंथात असे म्हटले आहे' ने सुरू होतो आणि प्रकाशनवर्षानुसार रांग लागते. ती ग्रंथालयाची नोंदवही झाली. आढावा माणसांनुसार लावू नका, प्रश्नांनुसार लावा. वीरगळ कोण उभारत होतं, यावर कोण काय म्हणतं? दृश्यं खरी की साचेबद्ध, यावर मतभेद कुठे आहेत? १९८२ साली धारवाडहून एस. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिलांवरचा ग्रंथ घेतला, तर तो एकाच परिच्छेदात संपवू नका. त्यातले वेगवेगळे लेख आपल्या वेगवेगळ्या प्रश्नांखाली यायला हवेत. शेवटी एक परिच्छेद असा यावा की ज्यातून 'म्हणून हा तालुका फिरायला हवा होता' हे आपोआप निघेल.

आराखडा आणि प्रबंध

आराखडा, म्हणजे आपण सर्रास सिनॉप्सिस म्हणतो तो, हे वचनपत्र आहे. समितीला बघायचं असतं, हे काम तीन-चार वर्षांत होईल का आणि आधी कुणी केलेलं नाही ना. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची 'शोधगंगा' आधी चाळा. तिथे देशभरचे प्रबंध आहेत, आणि 'शोधगंगोत्री'वर आराखडे. विषयाचं नाव मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत शोधा. एका मुलीचा विषय मंजूर झाल्यावर सहा महिन्यांनी तोच विषय शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात हिंदीत सापडला होता.

शीर्षकात जागा, काळ आणि प्रश्न तिन्ही येऊ द्या. 'महाराष्ट्रातील वीरगळ: एक अभ्यास' या नावाचं काम कुणाच्याच आयुष्यात संपत नाही. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात (पुढे मुदतवाढ आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका). सहा वर्षांत एक तालुका नीट होतो. एक जिल्हा धावत होतो.

प्रबंध म्हणजे सहा निबंध एकाखाली एक नव्हेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढच्या प्रकरणाचा प्रश्न निघायला हवा. वीरगळांची नोंद झाली (प्रकरण दोन), मग ते याच पट्ट्यात का (प्रकरण तीन), तिथून गुरं कुठून कुठे जात होती (प्रकरण चार), आणि आज त्याच दगडांना गावकरी देव का मानतात (प्रकरण पाच). पहिलं प्रकरण शेवटी लिहा. सगळी ४७ टिपणं परिशिष्टात टाका, प्रकरणात ओतू नका. परिशिष्टामुळे पानं वाढली तर वाढू द्या. पुढच्या अभ्यासकाला तेच उपयोगी पडतं.

वाङ्मयचौर्याबद्दलचे अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नीट निर्देश केलेली अवतरणं आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. पण खरी गोष्ट आकड्यांपलीकडची आहे. मराठीतले जुने प्रबंध श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टंकलेले असतात आणि यंत्राला ते वाचता येत नाहीत, म्हणून 'साम्य ० टक्के' येतं. त्या शून्यावर विसंबून उतरवलेला उतारा बहिःस्थ परीक्षकाने मूळ पुस्तकातून काढून दाखवल्याचं मी व्हायवात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) बसून पाहिलंय. खोलीत पंखा तेवढा ऐकू येत होता. स्वतः पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंका.

परीक्षण, कोशनोंद, संपादन: थोडक्यात

ग्रंथपरीक्षणात सारांश एक तृतीयांशाहून जास्त नको. लेखकाने कोणता प्रश्न घेतला, कोणत्या सामग्रीवर, आणि उत्तर पुरतं का, एवढं सांगा. छपाईच्या चुकांची यादी देऊन विद्वत्ता सिद्ध होत नाही. शिक्षकाच्या पुस्तकाचं परीक्षण करायची वेळ आली तर सरळ नकार द्या.

कोशनोंदीत तुमचं मत नको. विश्वकोशातली नोंद वाचणाऱ्याला तुमचा दावा नको असतो, त्याला आजवर मान्य असलेलं एका पानात हवं असतं. आपली ३१ गाईंची गोष्ट तिथे फार तर अशी येईल: 'काही वीरगळांवर गोधनाच्या रक्षणाचे दृश्य कोरलेले असते.' चार वर्षांचं काम अर्ध्या ओळीत, पण नोंद अशीच लिहायची असते. केतकरांनी ज्ञानकोशाला प्रस्तावनेचेच पाच खंड केले, ती मुभा केतकरांना होती.

साधनं प्रसिद्ध करणं हे वेगळंच शिस्तीचं काम. समजा, आपल्या दोन लेखयुक्त वीरगळांपैकी एकाचा उल्लेख असलेलं मोडी पत्र सापडलं. ते छापताना मूळ वर्णन (कागद, आकार, कुणाकडे), ओळींनुसार बाळबोधात (देवनागरीत) लिप्यंतर, मूळचं शुद्धलेखन न सुधारता, न वाचता आलेल्या जागी कंसात टिंबं, आणि अर्थ त्याखाली वेगळा. लिप्यंतरात 'मौजे' चं 'गाव' करायचं नाही. संहितेचं संपादन याहून मोठं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली, आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. तिथे मुख्य पाठाखाली प्रत्येक पाठभेद नोंदवलेला आहे, म्हणजे संपादकाचं मत न पटणाऱ्यालाही आपला पाठ निवडता येतो. एखादी ओवी तीन गावांत तीन तऱ्हांनी ऐकली तर तिची नोंदही याच न्यायाने करा: एक पाठ वर, दोन खाली, कुणाकडून कुठे ऐकलं त्यासह.

संदर्भ देताना मराठीतल्या खास अडचणी

शैली कुठलीही घ्या, पण एकच घ्या. 'तत्रैव' (म्हणजे 'त्याच ग्रंथात') फक्त लगेच वरच्याच संदर्भासाठी. मधे दुसरी तळटीप घुसली की सगळी 'तत्रैव' चुकतात, म्हणून शेवटच्या मसुद्यापर्यंत लेखकाचं नाव आणि वर्ष पूर्ण लिहून ठेवा.

जुन्या पुस्तकांवर शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीनंतरच्या, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवावे लागतात. फक्त वर्ष दिलं असेल तर 'शके १८३१ (१९०९-१०)' असं लिहा. टोपणनाव असेल तर नोंद टोपणनावाने करा आणि मूळ नाव कंसात द्या: कुसुमाग्रज (वि. वा. शिरवाडकर). संतांना आडनाव लावू नका. सूचीत 'कुलकर्णी, ज्ञानेश्वर' पाहिलंय मी, हसू नका.

सूचीचा क्रम संगणकावर सोडाल तर एक गंमत होते. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. म्हणजे साध्या क्रमवारीत 'काळे' हे 'कावळे' आणि 'काशीकर' यांच्या आधी जाऊन बसतात. हाताने तपासा. क्ष आणि ज्ञ शेवटी घ्यायचे की क आणि ज मध्ये, तेही आधी ठरवा आणि सूचीच्या सुरुवातीला एका ओळीत सांगा.

प्रबंधाचं पुस्तक करताना

पदवी मिळाली की प्रबंध तसाच छापायचा मोह होतो. प्रबंध परीक्षकाला पटवण्यासाठी लिहिलेला असतो, आपल्याला हे येतं हे दाखवायला. पुस्तक घेणाऱ्याला ते आधीच मान्य असतं. पूर्वसंशोधनाचा आढावा आठ पानांवर आणा, 'संशोधनाची उद्दिष्टे' आणि 'गृहीतके' काढून टाका, प्रकरणांना खरी नावं द्या. सारखं 'मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे' येत असेल तर ते पुसा. नकाशा हवाच, आणि गावांची सूची पानांसह. प्रकाशक म्हणतील सूचीने आठ पानं वाढतात. वाढू द्या.

माझी एक विद्यार्थिनी पुस्तकाची पहिली प्रत घेऊन ज्यांच्या पारात दगड होता त्या गुरवांकडे गेली. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं नाही, प्रस्तावना उघडली नाही. विचारलं, "आमचा दगड कितव्या पानावर?" तिने सूची उघडून गावाचं नाव शोधलं आणि पान काढून दिलं. त्यांनी फोटो निरखला, खालची ओळ वाचून घेतली आणि म्हणाले, "म्हसोबाचा भाऊ हे तू लिहिलंस, पण धाकटा लिहायचं राहिलं."